रॅमच्या बॉक्सवरचे दोन आकडे: वेग वाढला, मग वाट पाहणं का कमी झालं नाही?

आजचा एपिसोड थोडा आकड्यांचा आहे. घाबरू नका, गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

गेमिंग पीसी बांधायला घेतला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डसाठी आपण चार-चार रात्री व्हिडिओ बघतो. रॅमची वेळ येते तेव्हा मात्र दुकानदार विचारतो, "छप्पन्नशे देऊ की सहा हजार?" आणि आपण म्हणतो, "मोठा आकडा असेल ते द्या." त्या मोठ्या आकड्याच्या शेजारी अजून एक आकडा छापलेला असतो. सीएल३०, सीएल३६, सीएल४० असं काहीतरी. त्याबद्दल बहुतेक वेळा दुकानदारही बोलत नाही आणि आपणही विचारत नाही.

आता एक गंमत बघा. २००३ च्या आसपास हौशी गेमर लोक डीडीआर-४०० सीएल२ रॅम घ्यायचे. तेव्हाचा तो भारी माल. आज एएमडीच्या नव्या प्रोसेसरसोबत बरेच जण डीडीआर५-६००० सीएल३० घेतात. दोन्हीला एकच सूत्र लावू. सीएलच्या आकड्याला २००० नं गुणायचं आणि वेगाच्या आकड्यानं भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात येतं, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात.

जुनी रॅम: २ गुणिले २०००, भागिले ४००. उत्तर १०.
नवी रॅम: ३० गुणिले २०००, भागिले ६०००. उत्तर १०.

मधे वीस वर्षं गेली. वेगाचा आकडा पंधरा पट झाला. आणि कॉलम सांगितल्यापासून पहिला डेटा हातात पडेपर्यंतची वाट तेव्हाही १० नॅनोसेकंद, आत्ताही १० नॅनोसेकंद. असं का झालं, ही आजची गोष्ट. ती कळली की रॅमवर पैसे कुठे टाकायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप कळतं.

ग्रंथालयाची खिडकी

आधी दोन शब्द सोडवून घेऊ. जुन्या पद्धतीचं ग्रंथालय डोळ्यासमोर आणा. तुम्ही खिडकीवर चिठ्ठी देता, कर्मचारी आत जातो, कपाट शोधतो, पुस्तक काढतो आणि आणून देतो. चिठ्ठी दिल्यापासून पहिलं पुस्तक हातात येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. एका तासात खिडकीतून एकूण किती पुस्तकं बाहेर आली, ती बँडविड्थ. बॉक्सवरचा मोठा आकडा या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो.

कर्मचाऱ्यानं एका फेरीत एकाऐवजी सोळा पुस्तकं आणली तर बँडविड्थ सोळा पट होते. पण तुम्हाला हवं असलेलं एक पुस्तक त्यामुळे एक सेकंदही लवकर येत नाही. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर

१९६६. न्यूयॉर्क राज्यातलं आयबीएमचं वॉटसन संशोधन केंद्र. रॉबर्ट डेनार्ड नावाचा इंजिनिअर मेमरीवर काम करतोय. तेव्हा सेमीकंडक्टर मेमरीत एक बिट ठेवायला सहा ट्रान्झिस्टर लागायचे. डेनार्डच्या डोक्यात आलं की बिट म्हणजे शेवटी "आहे" किंवा "नाही" एवढंच. मग एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये चार्ज भरून ठेवला आणि दाराशी एक ट्रान्झिस्टर बसवला तर? जून १९६८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हीच डीरॅम. आज तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, ग्राफिक्स कार्डवर जी मेमरी आहे, तिच्या मुळाशी हीच रचना आहे.

ऑक्टोबर १९७० मध्ये इंटेलनं ११०३ नावाची चिप बाजारात आणली. १०२४ बिट. तिच्या सेलमध्ये अजून तीन ट्रान्झिस्टर होते, पण तत्त्व तेच, चार्ज साठवण्याचं. त्याआधी संगणकात चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी असायची. काही वर्षांत तिचा जमाना संपला.

डेनार्डच्या रचनेची ताकद म्हणजे स्वस्ताई. तिच्या दोन अडचणी मात्र पहिल्यापासून आहेत. पहिली, कपॅसिटर गळतो. त्यामुळे त्यातला चार्ज पुन्हा पुन्हा भरावा लागतो, साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा. दुसरी अडचण आपल्या विषयाची. त्या कपॅसिटरमधला चार्ज इतका थोडा असतो की तो एका लांब तारेवर सोडून, त्या तारेच्या व्होल्टेजमधला किंचितसा फरक एका संवेदनशील सर्किटनं ओळखावा लागतो. वाचताना तो चार्ज सांडतो, म्हणून वाचून झाल्यावर तो परत भरायचाही असतो. या सगळ्याला वेळ लागतो. हे भौतिकशास्त्राचं काम आहे, बॉक्सवर कितीही मोठा आकडा छापला तरी ते घाईनं उरकत नाही.

सीएल हे नाव आलं कुठून

१९७३ मध्ये मॉस्टेक या अमेरिकन कंपनीनं ४०९६ बिटांची चिप काढली. एवढ्या बिटांपैकी एक निवडायला १२ पत्त्याच्या तारा लागतात. स्पर्धकांच्या चिपला २२ पाय होते. मॉस्टेकनं शक्कल लढवली: पत्ता दोन हप्त्यांत पाठवायचा. आधी सहा तारांवर ओळ, मग त्याच सहा तारांवर कॉलम. चिप १६ पायांत बसली, बोर्डावर जागा वाचली, खर्च वाचला. पुढे सगळ्या उद्योगानं तीच पद्धत उचलली.

सीएल म्हणजे कॅस लेटन्सी, आणि कॅसमधला "क" म्हणजे हा कॉलम. कॉलमचा पत्ता दिल्यानंतर किती ठोक्यांनी पहिला डेटा येतो, तो आकडा. ग्रंथालयाच्या भाषेत, कपाट आधीच उघडलंय, त्यातून पुस्तक काढून द्यायला किती वेळ. कपाट उघडायला वेगळा वेळ, आधीचं कपाट बंद करायला आणखी वेगळा. म्हणूनच बॉक्सवर ३०-३८-३८ असे तीन-चार आकडे ओळीनं दिसतात. पन्नास वर्षांपूर्वी पाय वाचवायला केलेली युक्ती अजून आपल्या खरेदीच्या बिलावर आहे.

प्रोसेसर पुढे पळाला

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता. त्याचा एक ठोका साधारण २१० नॅनोसेकंदांचा, आणि मेमरीकडे एकदा जाऊन यायला तो चार ठोके घ्यायचा. म्हणजे मेमरीला भरपूर वेळ होता. कर्मचारी पुस्तक घेऊन खिडकीवर उभा आणि वाचकच अजून पोचायचाय, अशी परिस्थिती.

१९९५ मध्ये १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम आला. ठोका ७.५ नॅनोसेकंदांवर उतरला. त्या काळच्या रॅमच्या पट्ट्या ६० किंवा ७० नॅनोसेकंदांच्या. आता वाचक आठ-नऊ ठोके खिडकीवर ताटकळायला लागला. त्याच वर्षी विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी या दोन संशोधकांनी एक छोटा पेपर लिहिला. प्रोसेसर दरवर्षी ज्या गतीनं सुधारतोय त्या गतीनं डीरॅम सुधारत नाहीये, आणि एक दिवस सगळा संगणक मेमरीच्या वेळेवरच अडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. "मेमरी वॉल" हा शब्द तिथून रूढ झाला.

आजचं गणित करून बघा. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा. कंट्रोलर, तारा, ओळ, कॉलम असं सगळं धरून डेस्कटॉपवर रॅमपर्यंतची पूर्ण फेरी साधारण ६० ते ८० नॅनोसेकंदांची. म्हणजे एका फेरीत तीनशे-चारशे ठोके निघून जातात.

आकडा उलटा कसा झाला

इथे एक बारीक गोष्ट घडली, आणि माझ्या मते आपला सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. नव्वदच्या दशकात रॅमची ओळखच नॅनोसेकंदात व्हायची. साठवाली की सत्तरवाली? लहान आकडा चांगला. ग्राहकाला वाट किती पाहायची ते थेट दिसायचं.

मग एसडीरॅम आली, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यावर चालणारी मेमरी. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १९९३ मध्ये तिचं मानक काढलं, आणि १९९८ मध्ये इंटेलच्या पीसी१०० मुळे ती घराघरांत पोचली. आता ओळख मेगाहर्ट्झमध्ये: ६६, १००, १३३. मोठा आकडा चांगला. वाट पाहण्याचा वेळ "सीएल२", "सीएल३" अशा ठोक्यांच्या संख्येत गेला, आणि एक ठोका केवढा हे माहीत असल्याशिवाय त्या संख्येला काही अर्थच नाही. पीसी१०० सीएल२ म्हणजे २० नॅनोसेकंद, पीसी१३३ सीएल२ म्हणजे १५. सीएल तोच, वाट वेगळी.

रॅम्बसची बाजी

मोठ्या आकड्यावर सगळं लावलं तर काय होतं, याचा धडा त्याच काळात मिळाला. माईक फार्मवाल्ड आणि मार्क होरोविट्झ यांनी १९९० मध्ये रॅम्बस ही कंपनी काढली होती. त्यांची कल्पना अशी की तारा कमी ठेवायच्या आणि त्यावरून डेटा प्रचंड वेगानं न्यायचा. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये हीच मेमरी होती, ४ एमबी. बँडविड्थ त्या काळाच्या मानानं जोरदार, पण पहिला डेटा यायला उशीर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही त्याच मेमरीकडे जावं लागायचं, आणि गेम बनवणाऱ्यांना या उशिराशी झगडत कोड लिहावा लागला.

इंटेलनं ठरवलं की पीसीचं भविष्य हेच. १९९९ च्या शेवटी ८२० चिपसेट आला, त्यासोबत पीसी८०० नावाची आरडीरॅम. पट्ट्या एकाच साखळीत जोडलेल्या, इतक्या की रिकाम्या स्लॉटमध्येही सर्किट पूर्ण करायला एक डमी पट्टी घालावी लागायची. किंमत भरमसाट. साध्या एसडीरॅमशी जुळवून घ्यायला इंटेलनं मधे एक अनुवादक चिप बसवली. तिच्यात दोष निघाला आणि मे २००० मध्ये ते मदरबोर्ड परत मागवावे लागले. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आरडीरॅमसोबतच आला, पण दोन वर्षांत इंटेलही डीडीआरकडे वळला.

गेमरच्या बाजूनं बघितलं तर आरडीरॅमकडे बँडविड्थ होती, पण पहिल्या डेटाची वाट मोठी आणि भाव परवडणारा नव्हता. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर "स्वस्त मालाचा विजय" अशी गोड कथा होईल. त्याच काळात मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापसात संगनमत करून भाव ठरवले होते. पुढे अमेरिकेत इन्फिनिऑन, हायनिक्स आणि सॅमसंग यांनी गुन्हा कबूल केला. एकट्या सॅमसंगला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा दंड झाला. रॅमच्या बाजारात ग्राहकाचं कल्याण हा कधीच कोणाचा पहिला विषय नव्हता.

एका फेरीत सोळा पुस्तकं

मग डीडीआरनं वेग वाढवला कसा? ग्रंथालयातला कर्मचारी आठवा. त्याला पळता येत नव्हतं, म्हणून त्याला मोठी ढकलगाडी दिली. डीडीआरमध्ये आतून एका फेरीत प्रत्येक तारेमागे २ बिट काढतात, डीडीआर२ मध्ये ४, डीडीआर३ मध्ये ८, डीडीआर५ मध्ये १६. याला प्रीफेच म्हणतात. डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६०० या तिन्हींचा आतला गाभा २०० मेगाहर्ट्झवरच चालतो. बाहेरचा आकडा तेवढा दुप्पट-चौपट.

म्हणून प्रत्येक नवी पिढी आली की सुरुवातीला हाच तमाशा होतो. २००४ मध्ये डीडीआर२-५३३ सीएल४ आली: १५ नॅनोसेकंद. समोर जुनी डीडीआर-४०० सीएल२, १० नॅनोसेकंद. एएमडीनं तर २००६ पर्यंत डीडीआर२ ला हातच लावला नाही. २०२१ च्या शेवटी डीडीआर५-४८०० सीएल४० आली: १६.७ नॅनोसेकंद. समोर डीडीआर४-३६०० सीएल१६, ८.९ नॅनोसेकंद. वर्ष-दोन वर्षांत नवी पिढी परत दहाच्या आसपास येते, आणि मग सगळे जुनीला विसरतात.

याचा अर्थ मोठा आकडा खोटा आहे का? नाही. डीडीआर५ च्या एका पट्टीत दोन स्वतंत्र चॅनेल असतात, आणि आत एकाच वेळी उघडता येणारी कपाटंही जास्त. आठ-बारा कोअरचा प्रोसेसर एकदम वीस चिठ्ठ्या टाकतो, तेव्हा खिडकीवरची रांग भराभर सरकते. गर्दीत त्याचा खरा फायदा होतो. एकट्या चिठ्ठीला होत नाही.

मग लवकर येणारी मेमरी का बनवत नाहीत?

बनवतात की! आतली लांब तार तोडून छोटे तुकडे केले तर चार्ज ओळखायला कमी वेळ लागतो. पण प्रत्येक तुकड्याला वेगळं संवेदनशील सर्किट लागतं, चिपवर जागा जाते आणि त्याच पैशात कमी जीबी मिळतात. आरएलडीरॅम नावाची कमी लेटन्सीची डीरॅम नेटवर्किंगच्या यंत्रांसाठी खरोखर बनली. तुमच्या-माझ्या पीसीत ती आली नाही, कारण बाजार "किती जीबी?" विचारतो, "किती नॅनोसेकंद?" विचारत नाही. लेटन्सी जिथल्या तिथे राहिली यात भौतिकशास्त्राचा वाटा आहे, आणि किमतीचाही तितकाच.

लेटन्सीवरचा इलाज प्रोसेसरवाल्यांनी स्वतःच्या घरात शोधला. नेहमी लागणारी पुस्तकं आपल्याच टेबलावर ठेवायची, म्हणजे कॅश. ती त्याच जुन्या, महागड्या, साधारण सहा ट्रान्झिस्टरवाल्या एसरॅमची असते. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीनं रायझन ७ ५८००एक्स३डी काढला. प्रोसेसरवर ६४ एमबीचा कॅशचा थर चढवला, एकूण एल३ कॅश ९६ एमबी. जुन्याच डीडीआर४ वर तो अनेक गेममध्ये नव्या प्रोसेसरांच्या बरोबरीनं पळाला, कारण त्याला खिडकीवर जावंच कमी लागत होतं.

तर खरेदी कशी करायची

आता हा इतिहास तुमच्या बजेटला लावू.

पहिलं, क्षमता. गेमला १६ जीबी पुरत नसेल तर सीएल३० असूनही काही उपयोग नाही. रॅम भरली की डेटा एसएसडीवर जातो, आणि तिथली वाट नॅनोसेकंदांत मोजायची सोय नाही.

दुसरं, एक पट्टी घेऊ नका, दोनची जोडी घ्या. दोन खिडक्या उघडतात. चार पट्ट्यांचा मोह मात्र डीडीआर५ मध्ये टाळा. रायझन ७००० मध्ये दोन पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या तर ३६००.

तिसरं, सूत्र लावा. ६००० सीएल३० म्हणजे १०, ६००० सीएल३६ म्हणजे १२, ५६०० सीएल४० म्हणजे १४.३ नॅनोसेकंद. दहा आणि बारामधल्या फरकासाठी थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पण तेवढ्या पैशात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वर जात असेल, तर कार्ड घ्या. ४के वर खेळणाऱ्यांना तर हा फरक क्वचितच जाणवेल, कारण तिथे वाट ग्राफिक्स कार्डाची असते. एक्स३डी प्रोसेसर असेल तरी रॅमवर जीव टाकायचं कारण नाही.

चौथं, प्लॅटफॉर्म बघा. रायझन ७००० साठी एएमडीनं स्वतः ६००० हा सोयीचा वेग सांगितला. त्याच्या फार वर गेलात की मेमरी कंट्रोलर सहसा अर्ध्या ठोक्यावर येतो, आणि ७२०० चा आकडा असूनही वाट वाढू शकते.

पाचवं, फुकटचं काम. पीसी जोडून झाला की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा. नाहीतर तुमची ६००० ची रॅम ४८०० वर चालत बसेल. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो, आज घरी गेल्यावर बघाच.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण भाव. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरची मागणी इतकी वाढली की साध्या रॅमच्या किमती भडकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यानं इंटर्नशिपचे पैसे साठवून पहिला पीसी बांधायला घेतलाय, त्याला आता प्रत्येक हजार रुपयांचा हिशोब लागतो. लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर ऑनलाइन मागवा, कार्ट भरण्याआधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून तो एक भागाकार करा. दोन किटचं उत्तर सारखं आलं तर स्वस्तवालं घ्या, आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

पुढच्या एपिसोडमध्ये एसएसडी घेऊ. तिथेही बॉक्सवर एकच मोठा आकडा असतो, आणि तिथेही दुसरा आकडा शोधावा लागतो. तोपर्यंत, तुमच्या किटचं उत्तर किती नॅनोसेकंद आलं ते नक्की कळवा. भेटूया!